सीलबंद कान

डोळा मिटता येतो, तोंड बंद ठेवता येतं, नाक दाबता येतं. कान तेवढा जन्मापासून सरणापर्यंत उघडा असतो, म्हणून सगळ्या इंद्रियांचा राजा कान, आणि कानावरच हे जग चालतं, हा सिद्धांत आप्पासाहेब गवारे यांनी मिरजगावातल्या आपल्या ओट्यावर बसून मांडला, तेव्हा मागच्या गोठ्यातून त्यांच्या पत्नी छबूबाई तिसऱ्यांदा ओरडून सांगत होत्या की गॅसवर दूध ठेवलंय, तेवढं उतरवा.

दूध गेलं. सिद्धांत राहिला, कारण तो राधाकृष्णानं वहीत उतरवून घेतला होता. राधाकृष्ण एका दैनिकाचा मिरजगावचा वार्ताहर. उरलेल्या वेळात विमे उतरवायचा. येत्या रविवारी आप्पासाहेबांच्या मुलीचा सत्कार होता आणि त्याची आगाऊ बातमी लिहायला तो आला होता. त्यानं विचारायला तीन प्रश्न आणले होते. तासाभरात त्याला एकही विचारता आला नाही.

खरी गोष्ट अशी होती, की त्या दिवशी आप्पासाहेबांचा उजवा कान जाऊन बारा वर्षं आणि डावा जाऊन पंधरा दिवस झाले होते. पहिली गोष्ट साऱ्या गावाला माहीत होती. दुसरी फक्त आप्पासाहेबांना. बहिऱ्या माणसाला पकडलं जायचं नसेल तर उपाय एकच: आपणच बोलत राहायचं, समोरच्याला बोलू द्यायचं नाही. गावातली निम्मी पुढारी मंडळी हा उपाय चांगले कान असताना करतात, त्यामुळे कुणाला संशय आला नाही.

आता कानाविषयी बोलायचा अधिकार आप्पासाहेबांना होता, हे मान्य केलं पाहिजे. छत्तीस वर्षं त्यांनी लाऊडस्पीकरचा धंदा केला. आधी नुसतंच ‘गवारे साऊंड’ होतं. मुलगी झाली तेव्हा टेम्पोवर पेंटरकडून ‘धनश्री साऊंड सर्व्हिस’ असं लिहून घेतलं. कर्जत तालुक्यात त्यांचा कर्णा वाजला नाही असं लग्न नव्हतं, असा जागरण-गोंधळ नव्हता, असं दहाव्याचं प्रवचन नव्हतं. त्या कर्ण्यानं किती लोकांची झोप उडवली याची गणती नाही. कान मात्र एकाचाच घेतला, मालकाचा. अँप्लिफायरशेजारच्या लोखंडी खुर्चीत ते बसायचे आणि कर्णा कायम उजव्या हाताला असायचा. त्याची त्यांना फारशी खंत नव्हती. घरात एक मुलगा कर्ता निघाला की दुसऱ्याचं खपून जातं, तसं डाव्याच्या जिवावर उजव्याचं चाललं होतं. उजव्या कानाशी तोंड नेऊन कुणी ओरडलं तर विहिरीच्या तळातून आल्यासारखं थोडं काही यायचं, एवढंच.

पुढं डीजे आला. आप्पासाहेब म्हणाले, हा आवाज न्हाई, ही मारामारी हाय. त्यांनी सगळा सेट विकला, एक जुना अँप्लिफायर तेवढा घरात ठेवला, आणि ते निवृत्त झाले. निवृत्तीनंतर छबूबाईंनी त्यांना घरातली एकच जबाबदारी दिली: कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या. तीन झाल्या की बंद. साऱ्या तालुक्याला ऐकवलेल्या माणसाला हे काम तसं कमीपणाचं, पण त्यांनी ते इमानानं केलं. त्यांच्या हातचा भात कधी करपला नव्हता, आणि ही गोष्ट ते कुठल्याही बैठकीत सांगायचे.

मुलगी धनश्री पुण्यात एका प्रयोगशाळेत होती. एकतीस वर्षांची, लग्न न झालेली. प्रयोगशाळा आणि लग्न, या दोन गोष्टींपैकी गावाला दुसरीच जास्त कळत होती. ती करते काय, हे तिनं गेल्या दिवाळीला ओट्यावरच समजावून सांगितलं होतं.

‘आप्पा, कानाच्या आत हाडामध्ये एक नळी असते. गोगलगायीच्या शंखासारखी, वाटाण्याएवढी. ऐकायचं खरं काम तिथं चालतं. अन् तिथं औषध पोचवणंच अवघड. गोळी खाल्ली तर रक्तातून तिथवर फार थोडी जाते. इंजेक्शननं पडद्यामागं सोडलं तर बरंचसं घशात उतरून जातं.’

‘मंग तू काय करती?’

‘मी प्रोटीनचे कण करते. अंड्याच्या पांढऱ्या भागात असतं ना, तसल्या जातीचं प्रोटीन. केसाच्या जाडीत शेजारीशेजारी सातआठशे बसतील इतके बारीक. त्यांच्या पोटात औषध भरायचं. आतल्या नळीला एक पडद्याची खिडकी असते, तिथं ते कण चिकटून बसतात अन् हळूहळू औषध आत सोडतात.’

आप्पासाहेबांनी तंबाखू मळता मळता विचार केला.

‘म्हंजी बाजारतळामागची गल्ली म्हन की. तिथं टेम्पो जात न्हाई. माल खाली उतरवायचा, हातगाडीवर घालायचा, अन् हातगाडी दारात लावून ठिवायची.’

‘आप्पा, अगदी तसंच,’ धनश्री म्हणाली. ‘आमच्या सरांना हे सांगायला पाऊण तास लागतो.’

त्या दिवसापासून आप्पासाहेब हायवेवरच्या गोरक्षच्या हॉटेलात या विषयाचे अधिकारी झाले. टेम्पो जातच नाही, असं धनश्री म्हणाली नव्हती. ‘फार थोडी जाते’ म्हणाली होती. पण उपमा एकदा जमली की माणूस तपशिलाच्या नादी लागत नाही.

पुढं एका परिषदेत धनश्रीच्या कामाला बक्षीस मिळालं. गिनीपिग म्हणून एक प्राणी असतो, उंदराहून मोठा, सशाहून लहान. तसल्या बारा बहिऱ्या गिनीपिगांपैकी सातांना तिच्या कणांमुळं पुन्हा ऐकू यायला लागलं होतं. ही गोष्ट आप्पासाहेबांनी राधाकृष्णाला सांगितली आणि राधाकृष्णानं ती पेपरात घातली. पेपरात जागा कमी होती, त्यामुळे गिनीपिग गळाले. मथळा आला: ‘मिरजगावच्या कन्येने शोधले बहिरेपणावर औषध’. गावानं सत्कार ठरवला. आप्पासाहेबांनी दोनशे पानी वही घेतली आणि तिच्यात गावातल्या बहिऱ्यांची यादी केली. अडतीस नावं झाली. दुसऱ्या नंबरवर माजी सरपंच होते. त्यांना ऐकू चांगलं येतं, पण ते घेत नाहीत, म्हणून छबूबाईंनी हरकत घेतली. पहिल्या नंबरची ओळ आप्पासाहेबांनी कोरी ठेवली होती. उजव्या कानासाठी पोरीला त्रास द्यायचा की नाही, याचा त्यांचा निर्णय होत नव्हता.

तो निर्णय एका सोमवारी डाव्या कानानं परस्पर घेतला.

सकाळी ते उठले तेव्हा गाव बंद होतं. हायवेवर ट्रक धावत होते, पण मुक्यानं. गोठ्यात म्हैस तोंड उघडून उभी होती. डाव्या कानात कापूस कोंबल्यासारखं दडपण आणि आत लांबवर एक सूर. माईक कर्ण्यासमोर धरल्यावर जी शिट्टी येते तसला, पण बारीक आणि न थांबणारा. आप्पासाहेबांना वाटलं, लाईट गेली. मग आपलं हे वाटणं काही बरोबर नाही हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी जुना अँप्लिफायर लावला, माईक हातात घेतला आणि छत्तीस वर्षांच्या सवयीनं म्हणाले, ‘हॅलो, माईक टेस्टिंग.’ लाल दिवा लागला. काटा हलला. म्हणजे मशीन ठीक होतं.

छबूबाई धावत आल्या. त्यांचे ओठ बराच वेळ हलले. त्या काय म्हणाल्या हे संसाराच्या अनुभवानं कळण्यासारखं होतं.

‘काय न्हाई,’ आप्पासाहेब म्हणाले. ‘तपासून बघितलं.’

दोन दिवस मळ म्हणून त्यांनी कानात लसणाचं कोमट तेल सोडलं. गुरुवारी, बँकेत काम आहे असं सांगून, एस.टी.नं नगरला गेले आणि कानाच्या डॉक्टरांसमोर बसले. डॉक्टर मोठा सज्जन माणूस. त्यानं काचेच्या खोलीत बसवून तपासणी केली, आलेख काढला, आणि म्हाताऱ्याला ऐकू येत नाही म्हणून सगळं मराठीत, सुवाच्य अक्षरात कागदावर लिहून दिलं. ‘डावा कान अचानक गेला आहे. गोळ्या आजपासूनच सुरू करा. पहिले दोन आठवडे महत्त्वाचे. उशीर करू नका.’

मग उजव्या कानाशी वाकून तो मोठ्यानं म्हणाला, ‘बाबा, या गोळ्यांचं औषध आत कमीच पोचतं. पण सुरुवात यांनीच करायची असते.’

आणि इथं घोटाळा झाला. तो डॉक्टरनं ऐकवलेलं नीट ऐकू आल्यामुळे झाला.

कमीच पोचतं. म्हणजे टेम्पो. आप्पासाहेब चिठ्ठी घेऊन औषधाच्या दुकानापर्यंत गेले, पायरीवर उभे राहिले आणि विचारात पडले. साऊंडच्या धंद्यात एक कायदा आहे. बिघडलेला अँप्लिफायर दुसऱ्या कुणी उघडला असेल तर चांगला मेकॅनिक त्याला हात लावत नाही. आप्पासाहेबांचा मेकॅनिक नगरातच होता. मशीन समोर ठेवलं की तो आधी पालथं करून स्क्रूंवरचे लाखेचे ठिपके बघायचा. ठिपका मोडलेला दिसला की मशीन परत सरकवायचा आणि म्हणायचा, ‘ज्यानं उघडलं त्याच्याकडं जा.’ या एका कायद्यापायी आप्पासाहेबांनी छत्तीस वर्षांत कुठल्याही मशीनला स्वतः स्क्रू ड्रायव्हर लावला नव्हता. बिघडलं की जसंच्या तसं, दोरीनं बांधून, बरोबर माणसाकडं.

आता बरोबर माणूस घरातलाच होता. येत्या नव्हे, त्याच्या पुढच्या रविवारी, म्हणजे कान गेल्यापासून तेराव्या दिवशी सत्काराला येणार होता. तोवर दुसऱ्याचं औषध पोटात घालून ठिपका कशाला मोडायचा? आणि समजा, टेम्पोनंच थोडाफार माल पोचला, कान अर्धामुर्धा सुधारला, तर पोरीनं नेमकं काय दुरुस्त केलं हे कोण सांगणार? नाव डॉक्टरचं होणार. आप्पासाहेबांनी चिठ्ठीची घडी घालून खिशात ठेवली, एक भेळ खाल्ली आणि ते घरी आले. वहीतल्या पहिल्या कोऱ्या ओळीत त्यांनी पेननं लिहिलं: ‘आप्पासाहेब गवारे. डावा. सीलबंद.’

धनश्रीचे फोन यायचे. आप्पासाहेब फोन छबूबाईंच्या हातात द्यायचे आणि म्हशीकडं जायचे. फोनवर सांगितलं तर ती रडेल, आणि रडणारा मेकॅनिक सोल्डर काय करणार? कुकरच्या शिट्ट्या ते आता डोळ्यांनी मोजायचे. कुकरसमोर स्टूल टाकून शिट्टी कधी उडते ते बघत बसायचे. एकदा माशी आली, तिच्याकडं बघितलं, आणि डाळ करपली. छबूबाई त्यांच्याकडं बराच वेळ बघत राहिल्या. आप्पासाहेबांनी लगेच डाळीच्या हल्लीच्या जातीवर बोलायला सुरुवात केली.

मग सत्कार एक आठवडा पुढं गेला. माजी सरपंचांच्या मेहुण्याचं लग्न त्याच रविवारी निघालं, आणि त्यांच्या हस्ते शाल द्यायची होती. आप्पासाहेबांनी त्याला आनंदानं होकार दिला. मशीन बंद ठेवलेलंच होतं, आठ दिवस आणखी राहील. तेराचे वीस झाले.

तो रविवार उजाडला. शाळेच्या पटांगणात मांडव पडला. फ्लेक्सवर धनश्रीच्या फोटोपेक्षा माजी सरपंचांचा फोटो मोठा होता आणि खाली लिहिलं होतं, ‘बहिऱ्यांना कान देणारी आमची लेक’. पुढच्या तीन रांगा यादीतल्या लोकांनी धरल्या होत्या. राहीबाई आपली सात वर्षांची नात सृष्टी हिला घेऊन सकाळी आठपासून पहिल्या रांगेत बसली होती. पोरगी जन्मापासून बहिरी. तिला न्हाऊमाखू घालून, दोन वेण्यांत अबोली माळून आणलं होतं आणि कानांतल्या रिंगा काढून ठेवल्या होत्या, कामात अडथळा नको म्हणून.

धनश्री पुण्याहून थेट मांडवात आली. फ्लेक्स बघून ती एकदा थांबली, मग व्यासपीठावर चढली. शाल झाली, नारळ झाला, पाच भाषणं झाली. मग ती उभी राहिली.

आप्पासाहेब व्यासपीठासमोर खुर्चीत बसले होते. समोर डीजेवाल्याचे दोन काळे डबे होते. ते वाजत असल्याचं त्यांना छातीत कळत होतं. बाकी त्यांना दिसत होती ती त्यांची मुलगी, हातात माईक नीट धरलेली. माईक तोंडापासून चार बोटं लांब, थोडा तिरका. ते त्यांनीच तिला शिकवलं होतं. ती हळू बोलत होती. मधेच तिनं हात जोडले. आप्पासाहेबांनी टाळी वाजवली. वाजवल्यावर लक्षात आलं की दुसरं कुणी वाजवत नाही. पुढच्या रांगेतली माणसं एकमेकांकडं बघत होती. पुंजाराम म्हणून यादीतले बाराव्या नंबरचे गृहस्थ उठून चालू लागले होते. आप्पासाहेबांना वाटलं, म्हाताऱ्याला लघवीला लागली असेल.

ती काय बोलली ते नंतर गोरक्षनं त्यांच्या उजव्या कानात ओतलं. ‘पोरगी म्हनली, हे औषध अजून मान्साला दिलेलंच न्हाई. जनावरांवरच हाय. मान्साला यायला धा वर्सं लागतील, न्हाईतर येनारबी न्हाई. अन् जन्मापासून बहिऱ्याला, म्हाताऱ्या झालेल्या कानाला त्ये न्हाईच. माफी मागितली तिनं. तुमी टाळ्या कशाला वाजवत हुता?’

‘माईक चांगला धरला हुता,’ आप्पासाहेब म्हणाले.

दहा वर्षं लोकांना सांगायची असतात, असं त्यांनी मनाशी धरलं. मांडवात सगळ्यांना हो म्हटलं तर रांग कर्जतपर्यंत जाईल. घरातल्या माणसाचं वेगळं. गॅरेजवाला गिऱ्हाइकाला तारखा देतो, पण स्वतःची गाडी बंद ठेवतो होय?

व्यासपीठाखाली राहीबाईनं धनश्रीला गाठलं होतं. म्हातारीनं सृष्टीचा हात धनश्रीच्या हातात दिला. धनश्री खाली बसली, पोरीच्या वेण्यांकडं बघत राहिली, मग राहीबाईला काहीतरी समजावू लागली. म्हातारी मान हलवत होती. सृष्टीला व्यासपीठावरचे फुगे हवे होते. ते तिला मिळाले.

दुपारी बाराच्या सुमाराला घर रिकामं झालं. छबूबाईंनी डाळ-भाताचा कुकर चढवला, आणि उरलेले पेढे शेजारी द्यायला निघाल्या. जाता जाता दारातून काही म्हणाल्या. आप्पासाहेबांनी ‘व्हय’ म्हटलं. काय म्हणाल्या ते ऐकायची गरज नव्हती. सात वर्षं त्या तेच म्हणत होत्या.

मग त्यांनी धनश्रीला समोर बसवलं. उजेड बरोबर यावा म्हणून खुर्ची खिडकीकडं वळवली, टोपी काढली, डावा कान तिच्याकडं केला आणि खिशातून चिठ्ठी, आलेख आणि दोनशे पानी वही काढून तिच्या मांडीवर ठेवली.

‘वीस दिस झाले,’ ते म्हणाले. ‘कुनी उघडलेला न्हाई. तुझ्या आईलाबी बोललो न्हाई. बघ.’

धनश्रीनं आलेख बघितला. मग चिठ्ठी बघितली, मग चिठ्ठीवरची तारीख. ती उजव्या बाजूला येऊन कानाशी वाकली.

‘आप्पा. ह्या गोळ्या घेतल्यात ना तुम्ही?’

‘एकबी न्हाई,’ आप्पासाहेब म्हणाले. असा अभिमान त्यांना तिच्या बक्षिसाचाही झाला नव्हता. ‘लसनाचं तेल तेवढं घातलं हुतं आधी. त्ये धरू नको.’

ती उठली, फोन घेऊन अंगणात गेली. चिठ्ठीवर नगरच्या डॉक्टरचा नंबर होता. आप्पासाहेब खिडकीतून बघत होते. ती बोलत होती, ऐकत होती, कपाळावर हात घेत होती. असं बोलणं ते ओळखत होते. मेकॅनिकला स्पेअर पार्ट मिळत नसला की तो असाच बोलतो.

परत आल्यावर तिनं त्यांच्या उजव्या कानाला दोन्ही तळव्यांचा कर्णा केला आणि एकेक शब्द सुटा करून सांगितलं. उद्या सकाळी नगरला जायचं. आता डॉक्टर पडद्यामागं इंजेक्शन देतील. एकदा नाही, तीनचारदा. उपयोग होईलच असं नाही. झालाच तर थोडा. दोन आठवड्यांच्या आत गोळ्या सुरू झाल्या असत्या तर गोष्ट वेगळी असती.

‘आनि तुझे कन?’

‘ते मला देता येत नाहीत, आप्पा.’

‘घरातल्या मान्सालाबी?’

‘कुणालाच नाही. कायदा आहे. त्याच्यानं अपाय होत नाही हेच अजून माणसावर बघितलेलं नाही.’

‘मला घे की मग बघायला. गिनीपिग म्हनून लाव.’

‘त्यांचं वजन अर्धा किलो असतं.’

आप्पासाहेबांनी स्वतःकडं बघितलं. ते कमी करण्यासारखं नव्हतं.

‘त्या सातांचं काय झालं? ज्यांना आलं ऐकू?’

धनश्री थांबली. मग खरं ते सांगितलं. ‘ऐकू आलं हे मशीनवर बघितलं. मग आतली नळी बघायला लागते. त्यासाठी त्यांना मारावं लागतं.’

‘म्हंजी ऐकू आलं, ह्ये त्येंला कळायच्या आत?’

आप्पासाहेबांना त्या सात जणांबद्दल, आणि राहिलेल्या पाचांबद्दलही, आपुलकी वाटली. बराच वेळ कुणी बोललं नाही. निदान आप्पासाहेबांना तरी तसं वाटलं.

मग त्यांना एक शंका आली. शंका धंद्यातली होती, म्हणून ती त्यांनी साधेपणानंच विचारली.

‘धना, त्या कनांच्या पोटात तू जे औषध भरती, त्ये कोनतं?’

धनश्री त्यांच्याकडं बघत राहिली. या प्रश्नापासून ती मघापासून लांब लांब चालली होती. तिनं मांडीवरची चिठ्ठी उचलली आणि तिच्यातल्या पहिल्या गोळीच्या नावाखाली नख ओढलं.

‘ह्याच घराण्यातलं?’

तिनं मान हलवली.

‘म्हंजी माल त्योच.’

‘माल तोच, आप्पा. गाडी तेवढी वेगळी.’ ती पुन्हा कानाशी आली. या वेळी तिचा श्वास आधी आला आणि शब्द मागून. ‘गोळी थोडी पोचते. मी थोडी म्हणाले होते. थोडीसुद्धा कधी कधी पुरते.’

आप्पासाहेबांनी चिठ्ठी तिच्या हातातून घेतली, जुन्या घडीवर पुन्हा घडी घातली आणि खिशात ठेवली. त्यांना बाजारतळामागची गल्ली दिसत होती. एका लग्नात हातगाडीचं चाक मोडलं तेव्हा त्यांनी स्वतः, याच दोन हातांनी, टेम्पो त्या गल्लीत घातला होता. दोन्ही बाजू घासल्या होत्या, एका घराची पन्हळ गेली होती, पण निम्म्या गल्लीपर्यंत टेम्पो गेला होता आणि लग्न लागलं होतं. हे त्यांना वीस दिवसांत एकदाही आठवलं नव्हतं.

धनश्रीचे खांदे हलत होते. रडण्याचा आवाज कसा असतो हे त्यांना माहीत होतं, म्हणून तो त्यांनी मनानं घातला. तिनं वही उघडली होती. पहिल्या ओळीवर तिचं बोट होतं.

‘मी फोन केला तेव्हा का नाही सांगितलंत?’ तिनं विचारलं. हे त्यांना ऐकू आलं नाही, ओठांवरून कळलं. पहिल्यांदाच त्यांना ओठांवरून काही कळत होतं, आणि हे कळलं.

त्यांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. वीस दिवस ते अखंड बोलत होते. कानाच्या महतीवर, डाळीच्या जातीवर, माजी सरपंचांवर. आता एकही विषय सापडेना. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, मग तो काढून घेतला आणि टोपी घातली, आपल्या डोक्यावर. डाव्या कानातला तो बारीक सूर चालूच होता. माईक बाजूला करायला कुणी नव्हतं.

एवढ्यात धनश्री दचकली आणि तिनं मान स्वयंपाकघराकडं वळवली. आप्पासाहेबांनीही तिकडं बघितलं. दारातून वाफ वर जाताना दिसली.

‘रडू नको,’ ते म्हणाले. ‘तुझी आई कुकर लावून गेलीया. तेवढ्या शिट्ट्या मोज. तीन झाल्या की बंद कर. मला आता जमत न्हाई.’